मागचे प्रश्न कुलूपबंद

परदेशातून डॉक्टर होऊन आलेल्यांनो, लायसन्सची परीक्षा द्यायची असेल तर हे वाचाच.

नवऱ्याच्या पोस्टिंगमुळे मी चंदीगडला आहे. आज सेक्टर १७ मधल्या क्लासमध्ये नव्या सॉफ्टवेअरवर सराव परीक्षा दिली. अडलेल्या प्रश्नावर खूण करायची, पुढे जायचं आणि शेवटी सावकाश परत यायचं, हे याच क्लासने आमच्याकडून घोटून घेतलंय.

आज पेपर वेगवेगळ्या भागांत वाटलेला निघाला; पहिल्या भागाची वेळ संपली आणि तो बंदच झाला. खूण केलेले सगळे प्रश्न आत अडकले. उत्तरं येत होती हो मला!

सरांकडे गेले तर हसून म्हणाले, "मॅडमजी, सॉफ्टवेअर ही तो बदला है, मेडिसिन थोडी बदली है!" खऱ्या परीक्षेतही आता प्रत्येक भाग असाच बंद होणार, हा बदल त्यांना आधीच ठाऊक होता. सांगायचं राहून गेलं म्हणे. फी मागायचं बरं कधी राहत नाही!

तिकडे परदेशात इंटर्नशिपमध्ये शंका आली की मी पेशंटच्या खाटेशी परत जायचे, पुन्हा तपासायचे. आता पास व्हायला तीच सवय मोडायची.

खरं सांगा, तुमच्या आईला तपासणारा डॉक्टर कसा हवाय तुम्हाला? मागे न फिरणारा?