पाठराखीण

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलांना नाही. आई गेली तेव्हा तिच्या उशाशी मीच बसले होते — तिलाही नाही. आणि मी काही मुखदुर्बळ बाई नाही, हे आधीच सांगते. जालन्यात आमच्या भागात गॅदरिंग असो, कुणाचा निरोप समारंभ असो की गणपतीचा बक्षीस समारंभ — माइक फिरून फिरून माझ्याच हातात येतो. सगळा जन्म शिकवण्यात गेला. शेवटच्या बाकावर पेंगणाऱ्या पोराला मी खडू फेकून नाही, नुसत्या आवाजाने जागं करायचे. बोलायला मी कुणाच्या बापाला भ्यायले नाही. एक गोष्ट तेवढी सोडून.

पण थांबा, हेही पूर्ण खरं नाही. ती गोष्टसुद्धा मी सांगितली आहे. भरल्या सभागृहात, माइकवरून. फक्त खोटी सांगितली.

सभागृह म्हणजे जालन्यातलंच, मस्तगडाजवळचं एक मंगल कार्यालय. नव्वदचं दशक सरत आलं होतं. मिरगीच्या पेशंटांचा आणि त्यांच्या घरच्यांचा मेळावा होता. आमच्याकडे ह्या आजाराला फिट म्हणतात, झटके म्हणतात, बाहेरची बाधाही म्हणतात, पण चारचौघांत कुणी काहीच म्हणत नाही. डॉक्टर माझ्या ओळखीचे. ते म्हणाले, "मॅडम, माणसं येतील, पण तोंड उघडणार नाहीत. तुम्ही त्यांना बोलतं करा." मी म्हटलं, ते माझ्यावर सोडा.

माणसं आली. भोकरदनची, अंबडची, परतूरची. एक बाप लेकीला घेऊन आला तो चक्क फेटा बांधून. पोरीच्या अंगावर ठेवणीतली साडी. मी विचारलं, तर खालच्या आवाजात म्हणाला, "कोणी वळखीचं भेटलं तर लग्नाला आल्तो म्हणून सांगतो." मंगल कार्यालयाचा हा फायदा आमच्या लक्षातच आला नव्हता. मी हसले, त्याला पुढच्या रांगेत बसवलं. त्या दिवशी मला सगळं जमत होतं.

डॉक्टरांनी विचारलं, फिट आल्यावर नाकाला चप्पल लावलेली किती जणांना आठवते? आधी एक हात वर गेला, मग दोन, मग अर्ध्याहून जास्त सभागृह. लोक एकमेकांकडे बघून हसायला लागले — असं हसू, की इतकी वर्षं आपण एकटेच होतो असं वाटत होतं आणि निघालो सगळे एकाच घरचे. चौथ्या रांगेत अक्कानेही हात वर केला होता. डाव्या हाताची बाही नेहमीसारखी मनगटापर्यंत खाली ओढलेली.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. मेळाव्याला तिला मीच घेऊन आले होते.

मग मी माझी गोष्ट सांगितली. आमच्या नात्यातली एक मुलगी, म्हटलं. लग्न झालं, सासरी गेली आणि लोक काय म्हणतील म्हणून तिने आपल्या मनाने गोळ्या बंद केल्या. चांगला संसार मोडला. का? अज्ञान! असं करू नका. गोळी बंद करू नका. माझा आवाज योग्य जागी खाली गेला, योग्य जागी वर आला. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. टाळ्याही पडल्या.

आता खरं काय होतं ते सांगते. सांगते म्हणतेय, आणि बघा, अजून पिंपळगावापासून सुरुवात करतेय.

आमचं गाव पिंपळगाव रेणुकाई. अक्काला शाळेत असतानाच फिट यायला लागल्या. वडिलांनी सगळं करून पाहिलं आणि शेवटी जालन्याच्या डॉक्टरांची गोळी लागू पडली. गोळी चालू असली की अक्का तुमच्या-माझ्यासारखी. उलट माझ्यापेक्षा बरी — तिच्या हाताला चव होती, आणि ती माझ्यासारखी तोंडाळ नव्हती. स्थळ आलं तेव्हा घरच्यांनी सांगितलं, उपाशी राहिली की कधीमधी चक्कर येते. खोटं तिथून सुरू झालं, पण ते त्यांचं खोटं होतं. माझं त्याच्या पुढचं.

मुलगा साखर कारखान्यात कामाला, घर अंकुशनगरला. नवरीबरोबर सासरी पाठराखीण म्हणून जाते ना कुणीतरी, माहेरचं मूळ तिला न्यायला येईपर्यंत तिची सोबत करायला — ती मी गेले. शिकत होते, चुणचुणीत होते, आईचा माझ्यावर भरवसा. तिने अक्काच्या गोळ्या पावडरच्या एका रिकाम्या डब्यात भरल्या आणि डबा माझ्या पिशवीत टाकला, कारण नवरीची ट्रंक सासरच्या बायका उघडून बघणारच. म्हणाली, "झोपायच्या टायमाला गुपचूप एक द्यायची. कोणी पाह्यलंच तर म्हणायचं, माझ्या हायेत, माझं डोकं दुखतंय. बिलकुल भ्यायचं न्हाई." मी काय भिणार? मी तर खुशीत होते.

खुशीत का होते? कारण त्या घरात दाजींची मावळण आली होती — मावळण म्हणजे आत्या. तिचा मुलगा मास्तर झाला होता. लग्नाच्या पंगतीत जिलबी वाढताना मी त्याला पाहिलं होतं, आणि माझ्या पानात त्याने न विचारता एक जास्त टाकली होती. मावळण सगळ्यांसमोर म्हणाली होती, "ही धाकटी बी चलाख दिसती. हिला कुठं द्यायची हाये का?" बायका हसल्या. अक्का सगळ्यांत जास्त हसली. तिला किती आनंद झाला होता, सांगता येणार नाही. एकाच गोतात दोघी बहिणी पडलो असतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावळण आंघोळ करून आली आणि पावडर घ्यायला माझ्याच पिशवीत तिने हात घातला. डबा हलवला. तो वाजला. झाकण काढून बघते तर गोळ्या. "अगं पोरी, कशाच्या गोळ्या म्हणायच्या ह्या? कोणाच्या हायेत?"

माझ्या. एवढंच म्हणायचं होतं. आईने पढवून पाठवलं होतं. पण रोज गोळी घेणारी पोरगी मावळणीने सून करून घेतली असती का? हा हिशेब करायला मला क्षणही लागला नाही. मी म्हणाले, मला काय माहीत, उंदरांसाठी ट्रंकेत टाकायला आईने दिल्या असतील.

"मंग फेक की बाई जल्दी! घरात बारकी लेकरं हायेत, तोंडात घालतील."

परसात आंघोळीचा बंब पेटलेला होता. मी डबा त्याच्यात उपडा केला. एक गोळी जमिनीवर पडली, तीही उचलून आत टाकली. मावळण बघत होती, आणि मी हसत होते. रिकामा डबा परत पिशवीत ठेवला.

त्या दिवशी झोपायच्या वेळी अक्काने डोळ्यांनी विचारलं. मी म्हणाले, बायका जाग्या आहेत, उद्या घे. दुसऱ्या दिवशीही तेच. एक-दोन दिवसांनी काय होतंय, म्हटलं. मला खरंच माहीत नव्हतं का? माहीत होतं. डॉक्टरांनी आईला बजावलं तेव्हा मी तिथेच उभी होते. नव्या गोळ्या आणायला अंबड काही सातासमुद्रापार नव्हतं. दाजींना बाजूला घेऊन सांगितलं असतं तर ते सायकल काढून गेले असते — साधा, हसरा माणूस. साखर कारखान्यात कामाला आणि चहा बिनसाखरेचा प्यायचे, म्हणून अक्का दोन दिवसांतच त्यांना चिडवायला लागली होती. पण सांगायचं म्हणजे गोळ्या कुठे गेल्या हे सांगावं लागलं असतं. मी सांगितलं नाही.

सत्यनारायणाच्या पूजेत, नवऱ्याशेजारी पाटावर बसल्या बसल्या अक्का कोसळली. समई तिच्या हातावर आली. साडीच्या पदराने पेट घेतला, तो दाजींनी हाताने विझवला. कुणी चप्पल आणली, कुणी कांदा फोडला. अशा वेळी माणसाला कुशीवर वळवायचं असतं, हे त्या घरात फक्त मला माहीत होतं. मी दाराच्या चौकटीला धरून उभी राहिले. पुढे गेले असते तर सगळ्यांना कळलं असतं की मला माहीत आहे. म्हणून नाही गेले. माझी बहीण जमिनीवर तडफडत होती आणि मी मावळणीच्या चेहऱ्याकडे बघत होते.

अक्काला त्याच दिवशी जीपमध्ये घालून पिंपळगावला आणून सोडलं. आईने पहिलाच प्रश्न मला विचारला, "गोळ्या देल्त्या का?" मी म्हणाले, डबा मी तिच्या हातात दिला होता, तिनेच घेतल्या नाहीत. अक्का बाजूलाच पडली होती, हात बांधलेला, डोळे अर्धवट उघडे. आई तिला नको नको ते बोलली.

इथपर्यंतच असतं तरी मी आयुष्यभर तोंड लपवायला हवं होतं. पण अजून आहे.

थोड्या दिवसांनी दाजी आले. एकटेच, घरच्यांना न सांगता. वडिलांसमोर बसले, गोळ्यांचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, आजार लपवला ते लपवला, त्याचं मी बघतो. पण एक सांगा — "गोळ्या सोबत होत्या, मंग घेतल्या का न्हाई?" हा माणूस तिला घेऊन जायला आला होता, हो! एका उत्तरावर अडला होता. सगळ्यांनी अक्काकडे पाहिलं. अक्काने माझ्याकडे पाहिलं. मग मान खाली घालून म्हणाली, "इसरले."

जी बाई स्वतःचा जीव सांभाळत नाही, तिला मी कशी सांभाळू, असं काहीतरी दाजी म्हणाले आणि उठले. चहा तसाच राहिला. आईने तो बिनसाखरेचा केला होता.

मावळणीच्या मुलाचं स्थळ अर्थातच गेलं. मिरगीवाल्या घरची पोरगी कोण करणार? माझं लग्न पुढे जालन्यात झालं, चांगलं झालं. आई-वडील थकल्यावर अक्का माझ्याकडे मस्तगडला आली. माझी दोन्ही मुलं तिने वाढवली. मी सकाळी शाळेत जायचे ते डबा हातात घेऊन, आणि तो डबा अक्काने भरलेला असायचा. मी स्वतःला समजावलं होतं की तिला काही आठवत नाही. फिटच्या आधीचं-नंतरचं पुसट होतं, डॉक्टरच सांगतात. त्या आधारावर मी मजेत जगले. होय, मजेत. रात्र रात्र तळमळले वगैरे काही झालं नाही, उगाच कशाला सांगू?

तर मेळावा. माझी गोष्ट संपली, टाळ्या पडल्या, आणि पुढच्या रांगेतला तो फेटेवाला बाप उभा राहिला. म्हणाला, "बाई, ती पोरगी आता कुठं हाये?"

मी काहीतरी जुळवत होते, तेवढ्यात चौथ्या रांगेतून अक्का उठली.

"ती पोरगी मी हाये," म्हणाली. माइक नव्हता तिच्याजवळ, तरी शेवटपर्यंत ऐकू गेलं. मग तिने बाही वर केली. तो हात इतक्या लोकांसमोर तिने कधीच उघडा केला नव्हता. "मॅडम म्हणल्या तशा मी गोळ्या बंद केल्या न्हाईत. गोळ्याच नव्हत्या. दुसऱ्या दिवशी मी डबा हलवून पाह्यला, तर वाजला न्हाई. तवाच नवऱ्याला सांगायला पाहिजे होतं. मी गप बसले. तेवढी माझी चूक." ती त्या बापाकडे बघत होती, माझ्याकडे नाही. "लेक सासरी पाठवली, तर गोळ्या तिच्या सोताच्या हातात द्या. नवऱ्याला सांगून द्या. धाकट्या बहिणीच्या हातात देऊ नका. तिचंबी लगीन व्हायचं असतंय."

सभागृह खळखळून हसलं. बायका एकमेकींच्या हातावर टाळ्या देत होत्या. त्या बापाची पोरगीही हसली, पहिल्यांदाच.

आणि मी? माइक माझ्या हातात होता. इतकी माणसं समोर होती, जी आयुष्यभर लपवलेलं उघड करायला आली होती. त्यांना मीच तासभर सांगत होते की लपवू नका, बोला. मी माइक तोंडाजवळ नेला आणि म्हणाले, "धन्यवाद अक्का. आता आपण जेवणासाठी थांबू या."

पुढच्या मेळाव्यातही सूत्रसंचालन मीच केलं. ती गोष्टही सांगितली, लोकांना आवडली होती ना. फक्त थोडी बदलली — डबा प्रवासात हरवला, असं सांगितलं. अक्का तेव्हाही चौथ्या रांगेत बसली होती. ह्या वेळी ती उठली नाही.

आम्ही दोघी ह्याविषयी कधीच बोललो नाही. ती अजून माझ्याकडेच असते. झोपण्याआधी स्वतःची गोळी स्वतः घेते. झाकण उघडण्यापूर्वी डबा एकदा हलवून बघते, आणि मी शेजारच्या खोलीत असले तरी मला तो वाजलेला ऐकू येतो.