बोटभर कणीक

गेले दोन महिने आमच्या घरात शेवटचा शब्द भैय्याजींचा असतो. ते आमचे कुणी लागत नाहीत. शहरातल्या जरीपटका भागात त्यांचं टायरचं दुकान आहे. माझा मुलगा रजत याने सव्विसाव्या वर्षी हैदराबादहून एक जुनी स्पोर्ट्स कार आणली. लाल, दोन दारांची, जमिनीला टेकल्यासारखी. तिला नवी चाकं बसवायची म्हणून तो भैय्याजींकडे गेला आणि तिथलाच झाला.

मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "मोठी चाकं नको घेऊस. त्यांचं रबर पातळ राहतं. आपले सिमेंटचे रस्ते, हे ऊन. फुटलं म्हणजे?"

"आई, तुले काय समजते त्यातलं?"

आठवड्याने तोच मला समजावत होता. "भैय्याजी म्हणतात, अठरा इंची चाकं घातली की टायरची भिंत पातळ होते. आपल्या रस्त्यावर रिम वाकते. सतरा बरी म्हणतात. मले अठराच पाहिजे, पण ते मोजून ठरवू म्हणाले."

"हेच मी बोलले होते."

"तू भीतीनं बोलली होती. ते अभ्यासानं बोलून राहिले."

मी फिजिक्स घेऊन बी.एस्सी. केलं आहे. पण ते असो. माझ्याशी जेवताना 'हं' आणि 'नको' एवढंच बोलणारा मुलगा त्यांच्याशी फोनवर अर्धा अर्धा तास बोलायचा. मी आत भाजी निवडत ऐकायचे. तो हसायचासुद्धा.

एका रविवारी सकाळी तो स्वयंपाकघरात आला. "थोडी कणीक दे. भैय्याजींनी मागितली. आणि तूही चाल. मागच्या सीटवर वजन लागते, रोहित गावाला गेला."

म्हणजे मित्र नव्हता म्हणून मी. कणीक कशाला, विचारलं तर म्हणाला, "तिथं समजेल." मीही रागाने परातीतला पोळ्यांचा गोळा तसाच डब्यात टाकला.

दुकान पाहून माझी थोडी निराशाच झाली. मला वाटलं होतं, चकचकीत काहीतरी असेल आणि मला नावं ठेवता येतील. पत्र्याची शेड, एक जॅक, भिंतीवर टांगलेल्या रिमा. भैय्याजी साठीचे, चष्म्याला दोरा, बोटांच्या भेगांत न निघणारा काळा रंग. कुहीजवळच्या गावचे. घरी धानाची शेती, पण हे तरुणपणी ट्रॅक्टरचे टायर दुरुस्त करता करता शहरात आले. आलेल्या मुलाला कोणती रिम दाखवू, असं ते विचारत नाहीत. "रोज कोणत्या रस्त्यानं जाता गा?" हा त्यांचा पहिला प्रश्न.

त्यांनी आधी अठराची दोन चाकं तात्पुरती मागे चढवली. मग कणकेच्या बोटभर जाड गोळ्या करून त्या चाकाच्या वर, मडगार्डच्या आतल्या कडेला चिकटवल्या. "आता गाडी वजनासकट स्पीडब्रेकरवरून न्यायची. टायर वर उसळून गोळीले लागलं तर चाक मोठं. नाही लागलं तर बोटभर जागा आहे, बेफिकीर घ्या."

फोनवर दुसऱ्या गिऱ्हाइकाचं आटपून ते येईपर्यंत गाडी उन्हात उभी होती. मग मी मागच्या सीटवर गुडघे हनुवटीला लावून बसले आणि आम्ही बाजूच्या गल्लीतला स्पीडब्रेकर चार वेळा ओलांडला. परत आलो. भैय्याजींनी वाकून पाहिलं. गोळ्यांवर एक ओरखडा नाही.

"जमलं! अठराच!" रजत ओरडला.

मीही वाकले. कणीक उन्हाने सैल पडून पसरली होती. पोळ्यांची कणीक, तेल घालून मळलेली, ती पसरणारच. बोटभर जाड गोळी आता अर्धं बोटही जाड उरली नव्हती. म्हणजे बोटभर जागा आहे की नाही, हे कळलंच नव्हतं.

खरं लिहिते. क्षणभर वाटलं, चुकू दे. एकदा तरी या माणसाचं चुकू दे, आणि रजतला कळू दे. मग ते टायर हायवेवर घासताना मला डोळ्यांपुढे दिसलं.

"कणीक चुकली," मी म्हणाले. "पुरीची घट्ट पाहिजे."

"आई, तू पुन्हा..."

"थांब गा," भैय्याजी म्हणाले. त्यांनी गोळीवर बोट टेकवलं. "ताई बरोबर सांगून राहिल्या. मी इतकी वर्षं कणीक लावली, पण मळली कधी नाही."

शेजारच्या किराण्यातून आटा आणला. मी डब्याच्या झाकणात तो घट्ट मळला. या वेळी परतलो तेव्हा डावीकडची गोळी अर्धी कापली गेली होती आणि तिच्यावर टायरचा काळा पट्टा होता.

सतरा इंची चाकं ठरली. चारही बसवेपर्यंत मी स्टुलावर बसून विचारलं, "तुमची मुलं?"

"एक पोरगं. पुण्याले. गाडी घेतली त्यानं, मले फोटो पाठवला. मोठा करून टायरचा नंबर वाचला मी. चुकीचे घातले."

"सांगितलं नाही?"

"त्यानं विचारलं काहून नाही, हेच मले समजत नाही."

मला बरं वाटलं. वाटू नये, पण वाटलं.

बाहेर रजत रोहितला फोनवर सांगत होता, "टायर घासत होतं बे! भैय्याजींनी पकडलं." भैय्याजींनी पाना खाली ठेवून माझ्याकडे पाहिलं. मी पर्सची चेन लावत बसले.

नव्या चाकांचे नट पन्नास किलोमीटरनंतर पुन्हा कसावे लागतात. म्हणजे पुन्हा जरीपटका. "आजच पन्नास करून टाकू," म्हणत रजतने मला पुढे बसवलं आणि गाडी कुहीच्या रस्त्याला घातली. मी मीटरचे आकडे पाहत होते. पंचवीसला तो वळेल, आणि पन्नासला मी पुन्हा त्या स्टुलावर.

विसाच्या आसपास त्याने गाणी बंद केली.

"आई, मागून आवाज येऊन राहिला का? डावीकडून? ऐक ना जरा."

मी कान दिला. काहीही आवाज नव्हता.

"नीट कळत नाही," मी म्हणाले. "हळू चालव. ऐकू दे मला."

त्याने वेग कमी केला.