तालमीतला थोरला

तालमीच्या मातीत ताक, तेल, हळद मुरली की जो आंबूस वास सुटतो, तो आला की माझं डोकं आजही फिरतं. दोन हजार सालच्या सुमारास कागलच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी नवा सुपरवायझर झालो आणि माझ्या हाताखाली आला तो आमच्या तालमीतला थोरला. त्यानंच मला डाव शिकवले होते, त्याचं अंग मी रगडलं होतं. त्या दिवशी काम लवकर उरकावं म्हणून त्यानं पत्रा कापायच्या प्रेसची, हात आत जाऊ नये म्हणून बसवलेली जाळी काढून ठेवली होती आणि धाडधाड आपटणाऱ्या मशीनखाली तो हात घालत होता. मी मशीन बंद केलं. "दादा, जाळी लावा." तो सगळ्यांकडं बघत मोठ्यानं म्हणाला, "लेका, माझं अंग रगडत हुतास की रं! आता मला शिकवतोस व्हय?" सगळे फिदीफिदी हसले. माझी कानशिलं तापली. "तालमीत तुमच्या पाया पडतो. हितं जाळी लावायची, न्हायतर घरला जायचं." त्यानं हातमोजे माझ्या पायाशी फेकले आणि गेला. संध्याकाळी तालमीत माझ्याशी लढायला कुणी मातीत उतरेना. म्हणे माझ्या डोक्यात खुर्चीची हवा गेली. अरे, हवा कसली? काल तो रंकाळ्यावर दिसला, नातवाला शेंगा सोलून देत होता. मला बघून त्यानं तोंड फिरवलं. बोटं मात्र दहाच्या दहा चालू होती.