मला दिसलं होतं

हे मी घरात बोललो नाही. बायकोजवळ नाही, लेकीजवळ नाही. ज्याच्याशी बोलायला हवं होतं, त्याच्याशी तर नाहीच. तुमची-माझी ओळख नाही—म्हणूनच कदाचित तुमच्यापुढे तोंड उघडतोय. आणि खरं सांगू का? थकलो आता. लपवायलाही जोर लागतो हो.

मी वसंत. मंगरूळपीरच्या बाजारात सोयाबीन, तुरीचा हर्रास, म्हणजे लिलाव, पुकारतो. आवाज मोठा, म्हणून आमच्या फुटबॉल लीगचा माइक पहिल्यापासून माझ्याकडे. हिवाळ्यात गावाबाहेरच्या मैदानावर सामने लागले की पार किन्हीराजापासून माणसं एकेका गाडीवर तिघं-तिघं बसून यायची. आम्ही नुसते बघे नव्हतो—आम्हाला वेड होतं. आठवडाभर बाजारात भाव पुकारायचा आणि रविवारी गोल. मला तर वाटायचं, मी ओरडलो की चेंडू जरा जास्तच पळतो.

गजू हा आमच्या संघाचा डाव्या बाजूचा खेळाडू. इंझोरीचा. आईबाप दिवाळीनंतर ऊस तोडायला जायचे, हा खेळण्यासाठी मागे राहायचा. लाजाळू पोरगा, पण पळायला लागला की मैदान उठून उभं राहायचं. त्याचं नाव लांबवून पुकारायची मला सवय होती—गजूऽऽऽ—आणि लोक माझ्यामागून तसंच ओरडायचे.

फायनलच्या आधीच्या आठवड्यात, संध्याकाळची गोष्ट. पोरं पलीकडच्या गोलपाशी सराव करत होती. मी अलीकडे भोंग्याची वायर जोडत होतो. गर्दी आवरायला कडेनं बल्ल्या रोवायच्या होत्या, त्यासाठी कमिटीनं खड्डे खणले होते आणि काही तसेच उघडे सोडले होते. गजू एकटाच चेंडूमागे रेषेवरून पळत आला. त्याची नजर चेंडूवर होती. आणि माझी?—माझी त्याच्यावर होती. त्याचा पाय खड्ड्यात गेला आणि अंग पुढे पडलं. पाय मीच बाहेर काढला. "काका, मोडला काय?" त्यानं विचारलं. "नाई रे, लचकला असंल," मी म्हणालो. पाय कसा वळला होता ते मला दिसत होतं. मग बाकीची पोरं धावत आली.

दवाखान्याचं कोण बघणार, यावरून सगळं पेटलं. तिकिटं विकली जात होती, बियाण्यांच्या दुकानांचे फलक लागले होते, आणि खेळणाऱ्याच्या हातात एक टी-शर्ट. गोलकीपर रऊफ हा संघाचा कप्तान. त्यानं साऱ्या संघांतल्या पोरांना गोळा करून खेळाडूंची संघटना उभी केली. मॅचमागं मानधन द्या, मैदानावर लागलं तर इलाज करा, आणि गजूपासून सुरुवात करा—नाहीतर फायनल नाही.

आम्ही चाहते काय म्हणालो असू? चहाच्या हॉटेलात बसून आम्ही त्यांनाच शिव्या घातल्या. पैशासाठी खेळता काय? गावाची इज्जत विकता काय? मीही म्हणालो. इतरांपेक्षा मोठ्यानं म्हणालो—आवाजच तसा.

मग बैठक झाली. एका बाजूला कमिटी, एका बाजूला पोरं आणि मागे आम्ही, दारापर्यंत दाटून. मानधनाचं मान्य झालं. इलाजाचंही झालं. अडलं ते गजूपाशी; तो पाय बांधून घरी पडला होता. कमिटीचे अध्यक्ष म्हणाले, "खड्डे त बुजवले होते. पोट्टा गाडीवरून पडला असंल, बाकीचे पोट्टे त त्याच्याच बाजूनं बोलतीन. अन् मैदानात पडला असं ठरलं, त मैदानाची परवानगी जाते. मंग कायची फायनल अन् कायची लीग?"

मागून लोक ओरडायला लागले. एका पायापायी सगळ्यांचं बंद करता काय?

रऊफ उठला. तो ओरडला नाही. "वसंतकाका तिथंच होते. काकाईनंच त्याचा पाय काढला. इचारा त्याईले."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. रोज बाजारात शंभर माणसांपुढे पुकारणारा मी—दाराकडे बघायला लागलो. मला कुणी धमकावलं नव्हतं. कुणी काही देऊ केलं नव्हतं. असतं तर सांगायला काहीतरी झालं असतं, नाही का? मला फक्त त्या माना नको होत्या. आणि—खरं तेच सांगतो—मला फायनल हवी होती.

"मी वायर जोडून राह्यलो होतो," मी म्हणालो. "मले काई दिसलं नाई. मी गेलो तवा तो रस्त्याच्या अंगाले बसून होता."

दुसरं वाक्य कुणी मागितलंही नव्हतं. ते मी माझ्या मनानं घातलं.

रऊफ माझ्याकडे बघत राहिला. मग खाली बसला. गजूला सोडून बाकी सगळ्यावर सह्या झाल्या. तडजोड झाली! बाहेर लोकांनी फटाके फोडले, हॉटेलवाल्यानं जिलेबी वाटली. ज्यांनी पोरांना शिव्या घातल्या होत्या, तेच त्यांना खांद्यावर घेऊन नाचले. आम्ही असेच असतो. एक जण माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "काका, तुमी लीग वाचवली." मी जिलेबी खाल्ली. गोड लागली, हेही सांगून टाकतो.

फायनल झाली. मी पुकारली. डाव्या बाजूला दुसराच पोरगा होता. गजूचा पाय कुणातरी हाडवैद्यानं बांधला तो वाकडाच जुळला. त्याच्या आईबापानं माझ्याकडे येऊन काही विचारलं नाही. रऊफनंही नाही. रस्त्यात भेटला तर सलाम करतो, पण थांबत नाही. पुढे कधीतरी खरं सांगता आलं असतं. वर्षामागून वर्षं ते करता आलं असतं. दरवर्षी मी माइक हातात घेतला.

परवा बसस्टँडवर गजू दिसला. आईबापासोबत उसाच्या टोळीला चालला होता—तोडायला नाही, तोडणाऱ्यांची लेकरं सांभाळायला. मी तोंड फिरवणार, तेवढ्यात त्यानंच हाक मारली.

"काका, अवंदा कोणाची टीम भारी हाय?"

आणि मी बोलत सुटलो. कोण कसा पळतो, कोणता गोलकीपर नवा आला. तो मान हलवत ऐकत होता, हसत होता. खड्ड्याचं नाव त्यानं काढलं नाही. त्याला सगळं ठाऊक आहे—पाय त्याचाच होता की.

गाडी लागली. धक्काबुक्कीत तो मागे राहिला. पायरीवर एक पाय ठेवून दुसरा हातानं उचलून वर घेतला. आतून आईनं ओरडून त्याला बोलावलं. मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. त्याला हात दिला नाही.