बाळ हललं नाही ती सकाळ

सहावा महिना लागला तेव्हा आम्ही बँकॉकला गेलो. बाळ झाल्यावर आमच्या तलवाडा गावाबाहेर पाऊल पडणार नाही, असं नवऱ्याचं म्हणणं. दुसऱ्या दिवशी एका देवळाच्या पायऱ्या चढताना माझ्या लक्षात आलं, उठल्यापासून पोटात बाळ हललंच नव्हतं. मी तिथंच बसले.

"कावून बसलीस? लई दमलीस का?" नवऱ्यानं विचारलं.

सांगितल्यावर त्याचा चेहराच उतरला. आमचं बोलणं तिथं कुणाला कळेना. शेवटी शहाळी विकणाऱ्या एका बाईनं माझ्या पोटाकडं बघितलं, गार शहाळं पाजलं आणि बाकावर डाव्या कुशीवर झोपवलं. नवरा पोटावर हात ठेवून बसला. बऱ्याच वेळानं आतून लाथ बसली.

"हललं! हललं बघ!" म्हणत तो रडायलाच लागला.

तरी दवाखान्यात जाऊन ठोके ऐकले, तेव्हाच जीव भांड्यात पडला.