नाशिकला राहून गेलेलं एक मिनिट

मनमाडला गाडी बदलली तेव्हा नुकतं उजाडत होतं. सांगलीहून निघून रात्रभर बसून आलो होतो, पाठ आखडली होती. फलाटावर चहा घेतला आणि नाशिक रोडच्या गाडीत खिडकी धरली. लासलगाव मागे पडलं, निफाड गेलं. थंडीचे शेवटचे दिवस होते. द्राक्षबागांवर धुकं इतकं खाली उतरलं होतं, की बागांच्या लोखंडी खांबांची टोकं तेवढी वर दिसत होती. ह्या जिल्ह्यात मी बत्तीस वर्षांचा होईपर्यंत राहिलो. आता चौऱ्याहत्तर पूर्ण आहेत. मधल्या काळात एकदाही इकडे फिरकलो नव्हतो, आणि त्याला कारण होतं.

बोलावणं आलं होतं ते सायकलींमुळे. नाशिकच्या एका दंतवैद्याने, डॉक्टर मिलिंदने, जुन्या टाइम ट्रायलच्या सायकली जमवल्या आहेत. टाइम ट्रायल म्हणजे एकट्याची शर्यत. एकेक मिनिटाच्या अंतराने एकेक स्वार सोडायचा. शेजारी कोणी नाही, पुढे कोणी नाही, झुंज फक्त घड्याळाशी. आमच्या तरुणपणी नाशिकहून दिंडोरी रस्त्यावर वीस किलोमीटर जायचं आणि वळून परत यायचं, अशी शर्यत दर हिवाळ्यात व्हायची. तिचा टाइमकीपर मी होतो. मिलिंदला जुन्या विक्रमांचा फलक लावायचा होता आणि त्यावर टाइमकीपरची सही हवी होती. फोनवर तो म्हणाला, "काका, तुमच्या सहीशिवाय त्याला अर्थ नाही." मी हो म्हटलं. त्या फलकावरचं पहिलंच नाव खोटं होतं, हे त्याला ठाऊक नव्हतं. मला होतं.

नाशिक रोडहून रिक्षाने शहरातल्या द्वारका चौकात आलो. रिक्षावाल्याने मला चौकाच्या चुकीच्या बाजूला उतरवलं.

"समोर जायचंय मला," मी म्हटलं.

"बाबा, द्वारकेला रस्ता ओलांडायचा म्हणजे नवस बोलूनच पाय टाकायचा," तो हसत म्हणाला. "मी पलीकडं वळवून आणेपर्यंत तुम्ही दोनदा पोचाल."

दोनदा कसला, वीस मिनिटं लागली. ट्रक, बस, डोक्यावरून पूल. शेवटी एका बाईंनी माझा दंड धरला आणि "चला आजोबा, माझ्याबरोबर" म्हणत मला पलीकडे नेऊन सोडलं. ह्याच चौकातून आम्ही विजेत्याची मिरवणूक काढायचो. फलकावरचं ते पहिलं नाव वसंतचं. हार घातलेला वसंत सायकल हातात धरून इथूनच चालला होता आणि मी त्याच्या शेजारी टाळ्या वाजवत होतो.

मिलिंदची शेड मखमलाबादच्या बाजूला, एका बागेच्या कडेला आहे. आधी त्याने मिसळ खाऊ घातली, वर भाजलेला पापड. मग शटर उघडलं. मी उंबऱ्यातच थांबलो. सायकली छताला टांगल्या नव्हत्या, भिंतीला टेकवल्या नव्हत्या. प्रत्येकीला लाकडी घोडी होती आणि वरच्या झरोक्यातून उजेड नेमका त्यांच्यावर पडत होता. पहिली साठेक वर्षांपूर्वीची, पोलादी. नळ्या जिथे जुळतात तिथल्या जोडांना कोणीतरी कानशीने पिंपळपानांचे आकार दिले होते, कडा कागदासारख्या पातळ. दुसरीचं पुढचं चाक मागच्यापेक्षा लहान आणि हँडल बैलाच्या शिंगांसारखं पुढे गेलेलं. सगळी सायकल डोकं खाली घालून धडक द्यायच्या बेतात उभी होती.

"उचला काका, बिनधास्त उचला," मिलिंद म्हणाला.

दोन बोटांवर उचलली गेली. त्याने मागचं चाक फिरवलं, तशी पॅडलं आपसूक फिरू लागली. ह्या सायकलींना मोकळं चाक नसतं; चाक फिरतंय तोवर पाय फिरलेच पाहिजेत. टायर शिवलेले, नळीसारखे, रिमला चिकटवलेले. चाक कितीतरी वेळ फिरत राहिलं, आवाज न करता. आम्ही दोघे बघत होतो.

"पण खरी चीज इथं नाहीच," मिलिंद म्हणाला. "ती देवळा गावात आहे. त्या माणसाने स्वतः घडवलीय. विकत नाही, हलवू देत नाही. उद्या नेतो तुम्हाला. भिकाभाऊ नाव. तुमच्या शर्यतीत होते म्हणे."

मी पाणी मागितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या गाडीतून निघालो. वडाळीभोईच्या पुढे धोडप किल्ल्याच्या कड्यातली खाच दिसली. सोग्रस फाट्याहून वळलो, भावडबारीचा घाट उतरलो आणि दोन्ही बाजूंना कांदाच कांदा. गाडीची काच खाली केली की कांद्याच्या पातीचा उग्र वास आत यायचा. मिलिंद सायकलींवर बोलत होता, मी हो हो करत होतो आणि मनात वाक्यं जुळवत होतो. जुळत नव्हती.

भिकाचं घर गावाबाहेर, मळ्यात. अंगणात बायका बसून विळ्याने कांद्याची पात कापत होत्या. भिका बाहेर आला. माझ्याच वयाचा, पण पाठ ताठ, अंगात पैरण आणि पायजमा. मला त्याने लगेच ओळखलं. "टाइमकीपर!" तो म्हणाला आणि हात जोडले. ते जोडलेले हात मला बघवेनात.

त्याने पडवीतल्या सायकलीवरचं धडपं ओढलं.

ती सायकल शब्दांत सांगणं मला नीट जमणार नाही. मूळची साधी, वजनदार पोलादी सायकल. तिला त्याने इतकी भोकं पाडली होती, की उजेड आरपार जात होता. दातेरी चक्राला भोकं, पॅडलच्या दांड्यांना भोकं, ब्रेकच्या मुठीला, हँडलच्या मानेला, सीटच्या दांडीला. मोठ्या भोकांच्या मध्ये लहान, लहानांच्या मध्ये आणखी लहान. प्रत्येकाची कड गोल कानशीने गुळगुळीत केलेली. पडवीच्या शेणाने सारवलेल्या जमिनीवर तिची सावली पडली होती, आणि ती सावलीसुद्धा विणल्यासारखी.

"चारशेच्या पुढे मोजणं सोडलं मी," मिलिंद कुजबुजला. "वजन कमी करायला परदेशात असं करायचे. पण एवढं? हाताच्या ड्रिलने?"

भिकाची बायको चहा घेऊन आली. "चाळणी सापडली नाय तं ह्या सायकलीवर पीठ चाळीन, म्हणते मी ह्यांना," ती म्हणाली. "लग्नात माझं नाक टोचायला सोनार मिळाला नाय, पण ह्यांच्या लोखंडाला भोकं पाडायला एक दिवस सुट्टी नाय."

सगळे हसले. मी विचारलं, "एवढं का केलं, भिकाभाऊ?"

"एक मिनिटासाठी," तो म्हणाला. "त्या साली वसंता माझ्या अडतीस सेकंद पुढं गेला. मला वाटलं व्हतं मीच मारली शर्यत. पायाला कळतं ना. पण पायाच्या हिशोबापेक्षा तुमच्या कागदावर मिनिट जास्त निघालं. मी इचार केला, पाय तर खरे हायेत, मग मिनिट गेलं कुठं? वजनात गेलं असंल. म्हणून कमी करत गेलो. पुढल्या साली चक्र, त्याच्या पुढल्या साली दांड्या. शर्यती बंद पडल्या, तरी हात थांबला नाय."

मी हातातली कपबशी खाली ठेवली.

"वजनात नाही गेलं," मी म्हटलं. "मी घालवलं."

मग सांगितलं, आणि इथेही तेच लिहितो. आमचं घड्याळ शर्यतभर थांबत नसे. स्वार आला की घड्याळातली वेळ लिहायची आणि तो ज्या मिनिटाला सुटला ते मिनिट वजा करायचं. भिकाचा नंबर बारा. तो बाराव्या मिनिटाला सुटला. अकरा नंबरवाला आलाच नव्हता. त्याच्या नावावर मी रेघ मारली, आणि वजाबाकी करताना नजर एक ओळ वर सरकली. भिकाच्या वेळेतून बाराऐवजी अकरा वजा केले. एक मिनिट त्याच्या माथी बसलं. संध्याकाळी कागद सुवाच्य लिहून काढताना चूक दिसली. तोवर द्वारकेची मिरवणूक होऊन गेली होती. वसंतशी माझ्या बहिणीचं लग्न ठरायच्या बेतात होतं. त्याच्या घरचे मला म्हणत होते, "तुमच्या हातून यश आलं." मी चुकीचा आकडाच सुंदर अक्षरात उतरवला. पहिला येणारा पुण्याला राज्याच्या निवडीला जायचा. वसंत गेला आणि तसाच परत आला. भिका मळ्यात राहिला. आता बहीणही नाही, वसंतही नाही. झाकायला कोणी उरलं नाही, हे खरं. पण ते असतानाच बोलायला हवं होतं.

अंगणातले विळे थांबले होते. मिलिंद जमिनीकडे बघत होता.

भिका उठला आणि कांद्याच्या चाळीमागे गेला. बराच वेळ आला नाही. त्याची बायको म्हणाली, "जाऊ नका मागं. येतील." आला तेव्हा तो आपल्या घरच्या बोलीत बोलला. "कितला व्हता मना टाइम?" (माझा वेळ किती होता?)

"एक तास, चार मिनिटं, अकरा सेकंद. वसंतपेक्षा बावीस सेकंद कमी."

त्याने तो आकडा हळू आवाजात दोनदा म्हटला. बायको म्हणाली, "म्हंजे तुम्ही जिंकले व्हते?"

"जिंकलो व्हतो." मग माझ्याकडे वळून, "तुनी बहीन नांदनी का बरी?" (तुझी बहीण चांगली नांदली का?)

"नांदली."

"त्या मिनिटावर तुमच्याकडं संसार झाला," तो म्हणाला. "माझ्याकडं भोकं झाली." आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं वाटलं असतं.

मी पाय धरायला वाकलो, तर त्याने खांद्याला धरून सरळ केलं. "ते नको. सायकल धर."

मला कळेना. तो पायजम्याच्या पायाला दोरी बांधत होता. ह्या शर्यतीत स्वार सुरुवातीलाच दोन्ही पाय पॅडलला पट्ट्यांनी आवळून बसतो. जमिनीला पाय टेकत नाही. मागून एकाने सीट धरून त्याला तोलायचं असतं. नियम असा की धरणाऱ्याने ढकलायचं नाही आणि अडवायचंही नाही. वेळ झाली की हात नुसते सोडायचे.

"भिकाभाऊ, गुडघे..." मिलिंद म्हणाला.

"गुडघे माझे हायेत, डॉक्टर. तुमच्याकडं दात आणीन."

रस्त्यावर कॅनॉलच्या पुलापर्यंत जाऊन यायचं, दोन किलोमीटर. तो चढला, पट्ट्या आवळल्या आणि सगळा भार माझ्या हातांवर सोडून दिला. ज्या माणसाला मी फसवलं, तो दोन्ही पाय बांधून माझ्या हातांत बसला होता. मनगटावरच्या घड्याळाकडे बघत मी पाच, चार, तीन म्हणत गेलो आणि हात सोडले.

तो गेला. सुरुवातीला डुगडुगला, मग पाठ खाली गेली, कोपरं आत आली, आणि म्हातारा दिसेनासा झाला. दिसत होती ती एक वाकलेली रेषा आणि खाली सकाळच्या उन्हात चमकणारी जाळी. चक्रातून ऊन झिरपत होतं, विझत होतं, पुन्हा झिरपत होतं. अंगणातल्या बायका उठून कुंपणाशी आल्या. आयुष्यात मी शेकडो स्वार सोडले, पण कोणाच्या पाठीकडे इतका वेळ बघत राहिलो नव्हतो. इतकं देखणं काही मी पाहिलं नाही, आणि ते माझ्या लबाडीतून घडलं होतं. ह्या दोन गोष्टींचं काय करायचं हे मला अजून उमगलेलं नाही.

तो परत आला तेव्हा धापा टाकत होता. मिलिंदने धावत जाऊन सायकल धरली.

"किती?"

"सहा मिनिटं अठरा," मी म्हटलं.

"जास्त लावलं."

"नाही. बरोबर आहे."

भिकाने माझ्याकडे पाहिलं, मग मिलिंदकडे. "तुमच्या मोबाइलात काय आलं, डॉक्टर?"

मिलिंद ओशाळला. त्याने फोन पुढे केला. "सहा अठरा."

"बरं," भिका म्हणाला. एवढंच. मग बायकोला म्हणाला, "वाढ सगळ्यांना."

कळण्याची भाकरी (ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली) आणि ठेचा होता. त्याने माझ्या ताटात स्वतः कांदा फोडून ठेवला. माफ केलं असं तो म्हणाला नाही, मीही विचारलं नाही. निघताना मिलिंदने त्याला रविवारी फलक लावायला यायचा आग्रह केला. "कांदा काढायचाय," तो म्हणाला, आणि मला म्हणाला, "तू जे करायचं ते कर. मला माझा टाइम कळला."

परतताना घाट चढून झाल्यावर मिलिंद म्हणाला, "काका, फलक रंगवून तयार आहे. वसंतकाकांचं नाव पुसून टाकू?"

"पुसायचं नाही," मी म्हटलं. "वेळेच्या कागदावर खाडाखोड चालत नाही. चुकीवर एकच आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी बरोबर नाव, बरोबर वेळ, आणि चूक करणाऱ्याची सही."

रविवारी पंधरावीस माणसांसमोर मी तसंच केलं. का केलं ते उभं राहून सांगितलं. एक जुना स्वार उठून बाहेर निघून गेला, ते बरोबरच होतं. वसंतच्या नावावर रेघ, शेजारी भिकाचं नाव, एक तास चार मिनिटं अकरा सेकंद. माझा हात आता थरथरतो, म्हणून रेघ थोडी वाकडी गेली. मिलिंद म्हणाला, पट्टी देतो, पुन्हा मारा. मी नको म्हटलं.

दुपारच्या गाडीने परत निघालो. लासलगावच्या फलाटावर कांद्याच्या गोण्या रचलेल्या होत्या. इतकी वर्षं मी ह्या स्टेशनांची नावं घ्यायचं टाळत आलो होतो. आता एकेक पाटी वाचत होतो. हलकं वाटेल असा माझा समज होता. तसं वाटलं नाही. देवळ्यात एक माणूस आता आपल्या वजा केलेल्या वर्षांचा हिशोब नव्याने मांडत बसला असेल, आणि त्यात मला मदत करता येणार नाही. मात्र त्याच्या पायांनी त्या दिवशी त्याला जे सांगितलं होतं ते खरं होतं, हे आता त्याला माहीत आहे.