धोंडीरामचा शिक्का

बातमी आली तेव्हा मी गूळ तोलत होतो. गडमुडशिंगीहून धोंडीरामचा मेव्हणा सायकल मारत आला, दुकानाच्या पायरीशी उतरला आणि म्हणाला, "दाजी गेलं. पहाटं छातीत कळ आली न्..." आणि मी, हातात तराजू तसाच धरून, त्याला विचारलं, "कुनी सांगितलं तुला?" तो बिचारा माझ्याकडे बघतच राहिला. त्याच्या घरातलं माणूस गेलेलं आणि मी त्याच्याकडे पुरावा मागत होतो. पण ही खोड मला धोंडीरामनेच लावली होती. कुठलीही गोष्ट पारखल्याशिवाय पदरात घ्यायची नाही, हे वीस-एक वर्षं त्याने माझ्या डोक्यात भरवलं. त्याच्या मरणावरसुद्धा माझा पटकन विश्वास बसला नाही, यात नवल ते काय!

धोंडीराम वजनमापे खात्यात निरीक्षक होता आणि मी लक्ष्मीपुरीतला किराणा दुकानदार. शेर-छटाक जाऊन किलो-ग्रॅम आले, त्या गोंधळाच्या दिवसांत तो पहिल्यांदा माझ्या दुकानात आला. सडपातळ, काळा, पांढरा सदरा, खांद्याला खाकी पिशवी. वजनांकडे बघितलंसुद्धा नाही. थेट मालाचं पारडं उलटं केलं आणि खालून बोट फिरवलं. बोटाला चिंच लागली.

"हे काय?"

"चिंच हाय, सायेब."

"चिंच हाय ते दिसतंय की मला. चिकटली कशी?"

आता किराणा दुकानात चिंच कुठं चिकटत नाही? पण ती नेमकी मालाच्या पारड्याखाली सापडली, म्हणजे गिऱ्हाइकाला तेवढा माल कमी. त्याने खटला भरला, मला दंड झाला, भाऊबंदांत शोभा झाली. ती चिंच मी चिकटवली नव्हती. तेव्हाही मी हेच सांगत होतो, आजही हेच सांगतो.

असल्या माणसाशी मैत्री कशी झाली म्हणाल, तर गळामुळे. एका रविवारी शिरोळला कृष्णेच्या काठावर मी गळ टाकून बसलो होतो. एक बरा मासा लागला. शेजारच्याला मी "दोन किलोला मरण नाही" म्हणून सांगत होतो, तेवढ्यात मागून आवाज आला, "किती म्हनालासा, शेठ?" वळून बघतो तर हा! याच्याही हातात काठी. खांद्याच्या पिशवीतून त्याने काटा काढला, मासा टांगला आणि दीड किलोही भरत नाही हे चारचौघांत जाहीर केलं. मग शेजारीच बसला. त्यानंतर आमचे रविवार एकत्र जाऊ लागले. 'शेठ'चा 'बाळू' झाला, 'सायेब'चा 'धोंडीराम'.

गळाचं सामान घेताना त्याचा संशय अगदी फुलून यायचा. दोऱ्याच्या वेष्टनावर छापलेल्या ताकदीवर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. घरी झोपाळ्याच्या कडीला दोरा बांधायचा आणि एकेक वजन चढवत तो तुटेपर्यंत बघायचं. गळाचं टोक नखावर ओढून पाहायचं. यातून जे तरेल त्यावर तो शिक्का मारायचा. सरकारी नव्हे! "सरकारी ठसा घरच्या वस्तूवर मारनं गुन्हा हाय," म्हणायचा. गुजरीतल्या सोनाराकडून त्याने एक इवलासा ठसा करून घेतला होता, त्यात मासा. त्याच्या काठीच्या पितळी सांध्यावर, फिरकीवर, डब्यावर, सगळीकडे तो मासा होता. माझ्या सामानावर मात्र एकदाही नाही. मी चिडवायचो, "माझ्या काठीला काय महारोग झालाय काय?" तो शांतपणे म्हणायचा, "चिंच." बस्स, तेवढंच.

एकदाच तो त्यापलीकडे बोलला. म्हणाला, "आमची आजी दुकानाच्या पायरीखाली हुबी ऱ्हायाची. शेठ वरनं मापायचा, वरनंच पदरात टाकायचा. कमी हाय म्हनायची सोय न्हवती. घरी येऊन म्हातारी मुठीनं मोजायची न् गप बसायची... म्हून ह्या खात्यात आलो."  मी तर वाण्याचाच मुलगा. पण त्या दिवसापासून एक गोष्ट मला मनापासून हवी होती. या माणसाने एकदा तरी म्हणावं, बाळूचं माप बरोबर आहे.

पुढे कुठल्याशा जुन्या मासिकात त्याने वाचलं, की उटीकडच्या थंड ओढ्यांत गोऱ्यांनी सोडलेला ट्राउट नावाचा मासा आहे आणि तो पिसांच्या खोट्या माशीला भुलतो. धोंडीराम खवळलाच. "पिसाला? आपला पंचगंगेतला मासा कणकेचा गोळाबी हुंगून बगतोय. त्यो काय खुळा हाय काय?" हे खोटं आहे हे बघायला उटीला जायचं ठरलं. सामानासाठी आम्ही पुण्याला, लष्कर भागातल्या गळांच्या एका जुन्या दुकानात गेलो. म्हातारा दुकानदार ज्या काठीचं कौतुक करी, ती धोंडीराम बाजूला ठेवी. शेवटी बांबूच्या चिरफळ्या जोडून केलेल्या दोन हलक्या काठ्या त्याने निवडल्या. शेंड्याला वजन अडकवून वाक पाहिला, सोडल्यावर काठी सरळ होते का पाहिलं. काठ्या खरंच उत्तम निघाल्या. घोटाळा दोरीत झाला. दुकानदार जाडजूड रेशमी दोरी दाखवून सांगत होता, की पिसाला वजन नसतं, दोरीचं वजनच त्याला पुढं नेतं. धोंडीरामने मला कोपऱ्यात ओढलं. "दोरी जड करून गळ्यात मारतोय. आयुष्यभर हेच धरत आलोय मी." आणि त्याने बारीक नायलॉन घेतला. चहाच्या निमित्ताने मी परत गेलो आणि ती जाड दोरी गुपचूप घेऊन पिशवीच्या तळाशी टाकली.

उटीच्या पुढच्या त्या ओढ्यावर धोंडीरामचं पीस पाण्यात पडेचना. कधी पायाशी, कधी पाठीमागच्या झुडपात, एकदा तर त्याच्याच टोपीत. तासभर मी पाहिलं, मग दोरी काढून पुढे केली. त्याने ती हातात तोलली. "कवा घेतलीस?" मी सांगितलं. त्याने दोरी बदलली आणि थोड्या वेळात वीतभर लांबीचा ट्राउट त्याच्या हातात होता, अंगावर लाल ठिपके. काट्याला लावून त्याने तो तोलला, बराच वेळ बघत राहिला. "फसला की रं... पिसाला फसला." आणि पाण्यात सोडून दिला. परतीच्या गाडीत त्याने तोंड उघडलं ते थेट हातकणंगले स्टेशनात. म्हणाला, "बाळू, दोरी चांगली हुती. पर मला न सांगता घेतलीस. चिंचबी अशीच असंल."

हे मला फार लागलं. तरी आमचे रविवार चालू राहिले, कारण दोघांनाही दुसरं कोणी चालत नव्हतं. त्यानंतर दरवर्षी पावसाळ्याआधी तो माझी काठी घरी न्यायचा. "तेल लावून देतो," म्हणायचा. आठवड्याने परत आणून द्यायचा. हा माणूस माझ्या काठीला फुकट तेल का लावतो? शेंडा तर बदलत नसेल? एका वर्षी मी सांध्याजवळ बारीक ओरखडा करून ठेवला आणि काठी आल्यावर भिंगाने तपासला. ओरखडा जागेवर होता. संशय काही गेला नाही.

यंदाही काठी त्याच्याचकडे होती. दिवसकार्य उरकल्यावर वहिनींनी मला बोलावलं. झोपाळ्याच्या कडीला दोऱ्याचा तुकडा अजून लोंबत होता. वहिनींनी माझी काठी आणून दिली. मी सवयीने सांधा बघितला, शेंडा बघितला. त्या डोळे पुसत हसल्या. "वर काय बघताय, भावजी? बुडाची टोपी काढा की." मुठीच्या बुडाला पितळी टोपी असते, ती आट्यांची असते हेही मला ठाऊक नव्हतं. फिरवली. आत, जिथं कुणाची नजर जायची नाही तिथं, मासे होते. एकाशेजारी एक, दरवर्षीचा एक, वजनांवर दरसाल नवा ठसा मारतात तसे. जुने काळवंडलेले, शेवटचा लखलखीत.

"उटीवरनं आलं त्या सालापासनं मारायचं," वहिनी म्हणाल्या. "मी म्हनायची, सांगा की त्यास्नी एकदा. तर म्हनायचं... नगं, माजंल त्यो वाणी."

मी तिथंच झोपाळ्यावर बसून रडलो. असा माणूस मला पुन्हा मिळणार नाही.

काठी आता दुकानात, गल्ल्यामागच्या खुंटीला असते. सकाळी फळ्या काढल्या की मी आधी मालाचं पारडं उलटं करतो आणि खालून बोट फिरवतो. मग ते बोट त्या खुंटीकडे करून दाखवतो, आणि मगच पहिल्या गिऱ्हाइकाला विचारतो, काय पाहिजे.